निवृत्त पोलीस गाडी दान करता येते का? (इयत्ता पाचवी : निबंध आणि परिसर अभ्यास)



दर वर्षी मी पाचवीला एक तरी 'मनोगत' लिहायला देते. फाटक्या पुस्तकाचे मनोगत, तुटक्या छत्रीचे मनोगत, शाळेच्या घंटेचे मनोगत. मुलांना हे विषय इतके पाठ झालेत की पहिल्या दोन ओळी वाचल्या की शेवट कळतो. यंदा नवा विषय आपोआप मिळाला.

२ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. त्या आठवड्यात पोलीस ठाण्यांत शाळांच्या भेटी असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. आम्हीही आमची नाणे मावळातली बावीस मुलं घेऊन एका ठाण्यात गेलो. वायरलेस पाहिला, कोठडी पाहिली, सायरन वाजवून झाला. निघताना आवारातल्या कोपऱ्यात एक जुनी जीप दिसली. चाकं जमिनीत रुतलेली, सीटमधून काथ्या बाहेर आलेला, बोनेटवर कुत्रं झोपलेलं. दारावरचा पंचकोनी तारा मात्र पुसट दिसत होता. एका मुलाने विचारलं, "काका, ही गाडी चालत नाही का?" हवालदारसाहेब हसून म्हणाले, "हिची पेन्शन झाली, बाळा."

झालं, विषय ठरला. 'एका निवृत्त पोलीस गाडीचे मनोगत.'

निबंध छान आले. कुणाची गाडी भुशी धरणाच्या रस्त्यावर पावसाळ्यातली गर्दी आवरत होती, कुणाची खंडाळ्याच्या घाटात रात्री अपघाताच्या ठिकाणी धावत होती. एकाची तर चोराला पकडायला थेट लोहगडावर चढली. (पायऱ्यांवरून कशी चढली हे विचारलं नाही.) पण तपासताना लक्षात आलं की बावीसपैकी नऊ निबंधांचा शेवट एकच आहे : 'आता मला भंगारात टाकू नका, एखाद्या अनाथाश्रमाला नाहीतर वृद्धाश्रमाला दान करा.' गाईडमधल्या छत्रीच्या मनोगतात असतो तसाच.

त्या नऊतला एक शेवट मात्र वेगळा होता. ती मुलगी गावापासून दोन किलोमीटर वरच्या वस्तीवरून येते. तिने लिहिलं होतं, 'मला आमच्या वस्तीला द्या. मग आजीला झोळीतून न्यावं लागणार नाही.'

या वाक्याला लाल पेनाने 'छान' लिहून पुढे जाणं मला जमेना. कारण खरंच, का देत नाहीत? ठाण्यात गाडी गंजते आहे, वस्तीला गाडी नाही. दहा वर्षांच्या मुलीला सुचलं ते मोठ्यांना का सुचू नये? उत्तर मलाही माहीत नव्हतं. मग शोध घेतला आणि तोच पुढे चार तासिकांचा पाठ झाला. तुमच्या वर्गातही घेता येईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी कोणती गाडी कुणाची ते ओळखू

ठाण्याच्या आवारात उभी असलेली प्रत्येक जुनी गाडी पोलिसांची नसते. मुलांची पहिली गल्लत इथेच होते आणि आपलीही. काही गाड्या गुन्ह्यात किंवा अपघातात जप्त झालेल्या असतात. तो मुद्देमाल. कोर्टाच्या आदेशाशिवाय त्याला हात लावता येत नाही. काही बेवारस असतात, म्हणजे चोराने टाकून दिलेल्या किंवा मालक न्यायलाच न आलेल्या. त्यांचा मालक शोधायचा, जाहीर नोटीस द्यायची आणि कुणीच आलं नाही तर लिलाव करायचा, अशी तजवीज महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये आहे. या कामात आपल्या मावळाचं एक नाव राज्यभर घेतलं जातं. परंदवडीची गंगामाता वाहन शोध संस्था. इंजिन नंबर आणि चासी नंबरावरून मूळ मालक शोधून काढायला ही संस्था ठिकठिकाणच्या ठाण्यांना मदत करते. मुलांना हे सांगितलं तेव्हा परंदवडी कुठे आहे हे दाखवायला सगळे नकाशावर तुटून पडले.

तिसरा प्रकार म्हणजे पोलिसांची स्वतःची गाडी. आपली पेन्शनवाली जीप ही. आपला प्रश्न फक्त तिच्याबद्दल आहे.

गाडी निवृत्त कशी होते?

आमच्या गावात एक निवृत्त पोलीस चालक राहतात. त्यांना वर्गात बोलावलं. "मॅडम, मला भाषण येत नाही," म्हणाले. मी म्हटलं, "काका, भाषण नको, तुमच्या गाडीबद्दल बोला." मग तासभर थांबले नाहीत.

त्यांच्याकडून कळलं ते असं. गाडी पोलीस ठाण्याची नसते. मोटार परिवहन विभाग, ज्याला पोलिसांत सगळे 'एमटी' म्हणतात, तो गाड्यांचा हिशेब ठेवतो. प्रत्येक गाडीचं लॉगबुक असतं. किती किलोमीटर चालली, किती डिझेल पडलं, कुठे गेली, कुणी नेली, सगळं त्यात येतं. गाडी वारंवार कारखान्यात जायला लागली, दुरुस्तीचा खर्च परवडेना झाला की तिची तपासणी होते, अहवाल वर जातो आणि मंजुरी आली की ती निर्लेखित होते.

'निर्लेखन' हा शब्द ऐकून तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आपली शाळा आठवली असेल! धोकादायक वर्गखोलीचं निर्लेखन, मोडक्या बाकांचं निर्लेखन. प्रस्ताव, फोटो, ठराव, मंजुरी आणि तोवर मोडकं बाक पावसात. गाडीचंही तसंच. ती कोपऱ्यात उभी राहते ती बऱ्याचदा या कागदाची वाट पाहत.

याच्या जोडीला आता एक पक्की वयोमर्यादा आली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५२-ए हा नियम घातला गेला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार, महापालिका, एसटीसारखी महामंडळं यांच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षे झाली की संपते. पुढे वाढवून मिळत नाही. देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठीच्या चिलखती आणि खास कामाच्या गाड्या तेवढ्या यातून वगळल्या आहेत. गस्तीची साधी जीप त्यात बसत नाही. आपल्या खाजगी गाडीला पंधरा वर्षांनी तपासणी करून, पैसे भरून पाच-पाच वर्षं वाढवून घेता येतं. सरकारी गाडीला ती सोय नाही. तिला जायचं ते थेट नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात. तिथे आधी ऑइल, डिझेल, बॅटरी काढून घेतात, चासी नंबराचा तुकडा कापून जपून ठेवतात म्हणजे त्या नंबरावर दुसरी गाडी कुणी उभी करू नये, आणि मग तिचं लोखंड होतं.

म्हणजे पंधरा वर्षे झालेली पोलीस गाडी कुणी कितीही प्रेमाने दिली तरी रस्त्यावर चालवता येणार नाही. आमच्या नऊ निबंधांचा शेवट इथेच कोसळला.

आणि पंधरा वर्षांच्या आत निवृत्त झाली तर?

हा प्रश्न वर्गातूनच आला. मला त्याचा फार आनंद झाला, कारण खरा पाठ इथे आहे.

मी मुलांना विचारलं, "दान कोण करू शकतं?" उत्तर आलं, "ज्याच्याकडे जास्त आहे तो." मग मी माझ्या टेबलावरचा एका मुलाचा कंपास उचलला आणि दुसऱ्याला देऊन टाकला. "घे रे, माझ्याकडून दान." जो गोंगाट झाला! "मॅडम, तो माझा आहे!" आपल्याकडे यासाठी किती नेमकी म्हण आहे बघा, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. ज्याचं आहे त्याने द्यायचं असतं.

पोलीस गाडी ठाण्याच्या साहेबांची नाही, जिल्ह्याच्या अधीक्षकांचीही नाही. ती शासनाची, म्हणजे सगळ्यांच्या कराच्या पैशांतून आलेली. साहेबांनी मनात आणून ती एका संस्थेला देऊन टाकली तर हेतू चांगला असेलही, पण उद्या दुसऱ्या साहेबांनी ती मेव्हण्याच्या संस्थेला दिली तर? म्हणून जुनी सरकारी मालमत्ता जाहीर लिलावात काढायची आणि आलेले पैसे शासनाच्या तिजोरीत भरायचे, अशी रीत पडली. आता हे लिलाव बरेचसे ऑनलाइन होतात. त्यासाठी एमएसटीसी नावाची केंद्र सरकारची कंपनी आहे, १९६४ साली स्थापन झालेली. तिच्या साइटवर बोली लागते. कोणती गाडी कशी आहे, किती बोली आली, सगळं नोंदलं जातं.

पंधरा वर्षांच्या आतली, चालण्याजोगी गाडी लिलावात आली तर एखादी संस्थाही बोली लावू शकते. मग आरटीओमध्ये नेहमीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म नाहीत, लिलावातल्या गाडीसाठी ३२ नंबरचा वेगळा फॉर्म भरायचा असतो. दिवा, सायरन, पोलिसांचा तारा, 'सद्‌रक्षणाय खलनिग्रहणाय' हे सगळं उतरलेलं पाहिजे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर गाडी तिच्या मालमत्तेत दाखवायची. सरकारला एखाद्या संस्थेला मदतच करायची असेल तर त्याला अनुदानाचा सरळ रस्ता आहे. तो कागदावर दिसतो, त्याचा हिशेब मागता येतो.

एका मुलाचं यावर समाधान झालं नाही. "पण मॅडम, लिलावात भंगारवालाच जास्त पैसे देणार ना? मग वस्तीला कशी मिळणार?" बरोबर आहे त्याचं. मी त्याला तसंच सांगितलं.

फुकट गाडीचं गणित

तरी समजा, मिळाली. आम्ही फळ्यावर गणित मांडलं. आकडे वर्गानेच धरले. कामशेतला जाऊन-येऊन ३६ किलोमीटर, जुनी जीप लिटरला ९ किलोमीटर देईल, म्हणजे एका फेरीला ४ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर ३६० रुपये. महिन्याला १० फेऱ्यांचे ३,६००. चालकाला महिन्याला १२,०००. झाले १५,६००, वर्षाचे १,८७,२००. यात विमा नाही, टायर नाही, ब्रेकचं काम नाही. वस्ती आणि खालची वाडी मिळून ४० घरं. घरटी वर्षाला ४,६८० रुपये, महिन्याला ३९०. (भागाकाराचा सराव म्हणून हे उदाहरण जरूर घ्या, आकडे सुंदर सुटतात.)

वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मग फुकट कुठं मिळाली?"

मला आमच्या आधीच्या शाळेतले संगणक आठवले. एका संस्थेने सात संगणक दान दिले होते. फोटो झाला, हार झाले, पेपरात बातमी आली. सातपैकी दोन सुरू झाले, त्यातला एक पावसाळ्यात गेला. आणि सातही डेडस्टॉक रजिस्टरला चढलेले! फेकता येईना, दुरुस्त करायला पैसे नाहीत, निर्लेखनाचा प्रस्ताव वर्षभर फिरत राहिला. मुलांना बसायला खोली कमी आणि आम्ही एक कोपरा मेलेल्या संगणकांना दिलेला. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना जागा रिकामी करायची होती आणि पुण्यही हवं होतं, इतकंच. वस्तू आपल्याला नको झाली म्हणून द्यायची, की समोरच्याला हवी म्हणून? हे मी तेव्हापासून प्रत्येक देणगीला मनात विचारते.

गाडीच्या बाबतीत तर अडगळीवर थांबत नाही. संगणक बंद पडला तर मुलं खेळायला जातात. घाटात ब्रेक गेला तर काय होतं ते लोणावळा-खंडाळ्याच्या माणसाला सांगायला नको. आमच्या मुलांनी जुनी वस्तू वापरात ठेवल्याचा परिणाम अगदी जवळून ऐकलेला आहे. १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास लोक जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे आधीपासून माहीत होतं. मी पुलाचा विषय काढला नव्हता. मुलांनीच काढला.

दुसरं आयुष्य मिळालेल्या गाड्या

मुलांचा उत्साह अगदीच मावळू नये म्हणून (मावळात मावळू, असू दे) मी उलट बाजूची उदाहरणं शोधली. मिळालीही. आपल्या पुण्यातच २०१६ पासून जुन्या बसमध्ये महिलांसाठी स्वच्छतागृहं तयार झाली, 'ती' टॉयलेट या नावाने. केरळात २०२२ साली तिरुवनंतपुरमच्या एका सरकारी शाळेला तिथल्या परिवहन महामंडळाच्या जुन्या लो-फ्लोअर बस वर्गखोल्या म्हणून देण्याचं ठरलं. हे ऐकून आमच्या मुलांनी ताबडतोब मागणी नोंदवली! इथे दोन गोष्टी पाहायला सांगा. एक, या बस एका जागी उभ्या राहून काम करणार होत्या, त्यांना घाट चढायचा नव्हता. दोन, केरळात देणारंही सरकार आणि घेणारी शाळाही सरकारी. मालमत्ता लोकांचीच राहिली.

परदेशातलं एक उदाहरण मला जास्त शिकवून गेलं. लंडनमध्ये धूर करणाऱ्या जुन्या गाड्या भंगारात देणाऱ्यांना पैसे देण्याची योजना होती. लोक म्हणाले, चांगल्या चालत्या गाड्या तोडता कशाला, युद्धात होरपळणाऱ्या युक्रेनला पाठवा. आधी उत्तर आलं, योजनेच्या नियमात बसत नाही. मागणी चालू राहिली आणि २०२४ मध्ये योजनाच बदलून तशी मुभा दिली गेली. म्हणजे कुणी नियम डावलून गुपचूप गाड्या दिल्या नाहीत, आधी नियम बदलला. लिलावाबद्दल विचारणाऱ्या त्या मुलासाठी मी हे राखून ठेवलं होतं. तो म्हणाला, "मग आपण पण नियम बदलायला सांगू की." कुणाला सांगायचं, यावर पुढची अख्खी तासिका गेली : ग्रामपंचायत, आमदार, खासदार, आणि मोटार वाहनांचा हा नियम केंद्राचा असल्याने दिल्लीपर्यंत.

आजीचं काय?

या सगळ्यात निबंध लिहिणारी मुलगी शांत होती. मी तिला विचारलं, "आजीला न्यायला १०८ येते ना?" ही रुग्णवाहिका सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि फोन केला तर पैसे पडत नाहीत. ती म्हणाली, "येते. पण खालीच थांबते. वर ओढा आहे."

बघा, आम्ही चार तासिका गाडीबद्दल बोलत होतो. गाडी होतीच. ती वस्तीपर्यंत पोचत नव्हती. पोलिसांची जीप मिळाली असती तरी पावसाळ्यात तीही ओढ्याच्या अलीकडेच थांबली असती. शेवटचे दोन किलोमीटर आजी झोळीतूनच.

निवृत्त काकांनी इथे एक कामाची गोष्ट सांगितली. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र किंवा वन्यजीव रक्षक मावळ या संस्थांचे कार्यकर्ते दरीतून, पाण्यातून माणूस बाहेर काढतात तेव्हा शेवटचं अंतर गाडी कापत नाही. दोर, स्ट्रेचर आणि ते उचलायची पद्धत माहीत असलेली माणसं कापतात. "झोळीत माणूस वाकतो," काका म्हणाले. "कंबर मोडलेल्या म्हातारीला झोळीत घातलं तर दवाखान्यात जाईपर्यंत जास्त मोडते. स्ट्रेचर पाहिजे, सपाट."

मग वर्गाने पत्र लिहिलं. औपचारिक पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच, पण या वेळी पत्ता खरा होता. दोन मागण्या : ओढ्यावर मोरी आणि वस्तीवर ठेवायला एक घडीचं स्ट्रेचर. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पत्र वाचलं गेलं. मोरी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालू म्हणाले. कधी होईल ते दिसेलच. स्ट्रेचरला मात्र तिथल्या तिथे होकार आला, अंगणवाडीत ठेवायचं ठरलं. ते आलं की उचलायचं कसं हे काका दाखवणार आहेत.

निबंध परत दिले आणि ज्यांना हवं त्यांनी शेवट पुन्हा लिहावा असं सांगितलं. नऊपैकी सहा जणांनी लिहिला. एकाची गाडी आता लोणावळ्यात उभ्या उभ्या वाचनालय झाली आहे. एकाची लिलावात गेली आणि तिच्या पैशातून नवी गाडी आली (तसं थेट होत नाही, पैसे तिजोरीत जातात, असं समासात लिहिलं). वस्तीवरच्या मुलीने एवढंच लिहिलं : 'माझं लोखंड करा. ओढ्यावरच्या मोरीला सळया लागतील.' तिला मी दहापैकी दहा दिले. निबंधाला दहापैकी दहा मी एरवी देत नाही.

ज्याचा कंपास मी दान केला होता, त्याने जाताना विचारलं, "मॅडम, गाडी नाही तर नाही, तो सायरन तरी शाळेला मिळेल का?" पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशा ठरावीक गाड्या सोडून तोही कुणाला गाडीवर लावता येत नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "गाडीवर नाही लावणार, घंटेच्या जागी लावू."

याचा नियम मी अजून शोधते आहे.